चढावर तापणारी पिकअप

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

काल खंडेनवमीला आण्णांनी पाने, जॅक, टॉमीची सळई सगळं धुऊन पाटावर मांडलं आणि हळद-कुंकू वाहिलं. आज पिकअपची पाळी होती. सकाळचं दूध टाकून आल्यावर ते वॉशिंग सेंटरच्या रांगेत उभे राहिले आणि बॉनेट उघडून आतपर्यंत फवारा मारून घेतला. "इंजनाला बी सण हाय की," म्हणाले.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी सीटमागून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पेठेतल्या पेंटरकडून माझ्या चोरून करून घेतलेली पत्र्याची पाटी. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं: कु. तेजस्वी बाळासो साळोखे, बी.एस्सी. भौतिकशास्त्र, प्रथम श्रेणी. दोन्ही बाजूंना मोर. पाटी एवढी मोठी की पुढची जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकून गेली. सगळी गल्ली बघायला जमली. समोरच्या शालूबाई म्हणाल्या, "बाळासो, पोरीचं लगीन ठरलं की काय? स्थळाची जाहिरात केलीय जणू!"

मला तोंड कुठं लपवू असं झालं. मी हळूच म्हणाले, "आण्णा, काढा की ओ ते."

आण्णा नट आवळत होते. त्यांचा हात थांबला. चेहरा असा झाला की मला माझे शब्द परत गिळावेसे वाटले. आत गेल्यावर आईनं झापलं. "आपल्या घरात रेशनकार्ड सोडून कुणाचं नाव कुठं लिवलंय का आजपतोर? त्या माणसानं लिवलं, तर तुला जड झालं?"

मग बाहेर येऊन "ऱ्हाऊ दे आण्णा, चांगली दिसतीय," असं म्हणाले. पाटीबद्दल यापुढे एक शब्द काढायचा नाही, असं ठरवलंय. मी गाडीकडे पुढून बघणारच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

गाडी तापली. पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाड्यांतून दुधाचे कॅन भरून आण्णा वाघबिळाचा चढ चढत होते. काटा लाल पट्ट्यात गेला आणि रेडिएटरमधून वाफ यायला लागली. गार होईपर्यंत थांबले, पाणी घातलं, मग निघाले. दूध संघाच्या चिलिंग सेंटरला उशिरा पोचले. दूध वाचलं, पण थोडक्यात.

आण्णा म्हणतात ऑक्टोबरचं ऊन आहे. असेल.

सोमवार, ६ ऑक्टोबर, कोजागिरी

आजच्या दिवशी अख्ख्या कोल्हापूरला दूध हवं असतं आणि आजच आमची गाडी चढावर दोनदा उभी राहिली. सेंटरवर कॅन उघडले तर काही आंबलेले निघाले. ते परत पाठवले.

संघाचे सुपरवायझर पृथ्वीराज दादा वाईट माणूस नाहीत. त्यांनी आण्णांना बाजूला घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, "मामा, तुमच्या तोंडाकडं बघून गप बसलोय. पण त्या वाड्यांवरच्या बायांचं दूध हाय. वसुबारसेपतोर गाडी नीट करा. न्हाईतर दिवाळीपासनं हा रूट दुसऱ्या गाडीला द्यावा लागंल. माझ्या हातात न्हाई मग."

आण्णांनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली नाही, पण थापण्याचा आवाज बदलला. हा रूट गेला तर आण्णा परत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. मी बारावीत होते तेव्हा ते तेच करत होते. महिन्यातून दोनदा घरी यायचे आणि पायातले बूट न काढताच झोपायचे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज मी आण्णांना म्हणाले, "ही गाडी मी बघतो." (बोलताना मी अजून पेठेतलीच आहे, पोरांसारखं बघतो, जातो म्हणणारी. लिहिताना तेवढी शुद्ध होते.)

"तू?"

"मी. उष्णतेचाच तर प्रश्न हाय. तीन वर्षं आणि काय शिकलो मी?"

आण्णा हसले, पण नको म्हणाले नाहीत. मला खरंच वाटतं की पदवी भिंतीवर टांगायला नसते. ज्या घरानं शिकवलं त्या घराच्या कामाला ती आली पाहिजे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास दहा दिवस मागे पडला तर पडू दे.

विचार असा केला. इंजिनात उष्णता तयार होते, पाणी ती उचलतं आणि रेडिएटरपर्यंत आणतं. तिथं हवा ती घेऊन जाते. म्हणजे दोष एकतर पाण्यात, नाहीतर पाणी फिरवणाऱ्या पंपात, नाहीतर त्याची वाट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये, नाहीतर पंख्यात. एकेक तपासायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही.

हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समदं यंत्रातच आसतंय व्हय गं?" ती शाळा शिकलेली नाही, तिला कुठून कळणार? मी परत पहिल्यापासून समजावलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आण्णा आणि मी फक्रुद्दीनचाचांच्या गॅरेजमध्ये गेलो. चाचा आण्णांचे तालमीपासूनचे दोस्त. गॅरेजमध्ये हॉर्न वाजत असला तरी त्याच्यावर आवाज काढून बोलतात.

"ये इंजिनियरबाई! बोल, काय खोलू?"

"इंजिनियर न्हाई चाचा, फिजिक्स."

"तेच की. पान्याला काय फरक पडतोय?"

रेडिएटरपर्यंत हात जावा म्हणून चाचांनी आधी पुढची जाळी खोलली आणि पाटीसकट भिंतीला टेकवून ठेवली. मी तिच्याकडे पाठ करून बसले. बेल्ट बघितला, घट्ट होता. पंखा जोरात फिरत होता. चाचांनी वहीचा एक कागद रेडिएटरपुढे धरला, तो चटकन आत ओढला जाऊन चिकटून बसला. म्हणजे हवा व्यवस्थित ओढली जाते. रेडिएटरच्या झाकणाचं रबर मात्र चिरलेलं होतं. झाकण नीट बसलं नाही तर आतला दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवीन झाकण बसवलं.

ट्रायलला मागे पाण्यानं भरलेले ड्रम ठेवले. परत खोलावी लागू नये म्हणून चाचांनी जाळी गॅरेजमध्येच ठेवली. वाघबिळापर्यंत जाऊन आलो. काटा अर्ध्यावरून हलला नाही! मी चढावर ओरडलेच.

परत आल्यावर चाचा जाळी उचलताना थबकले. पाटीवर बोटानं टकटक करत म्हणाले, "बाळासो, मला काय वाटतंय सांगू का, ह्यो पत्रा..."

"त्ये ऱ्हाऊ दे," आण्णा मध्येच म्हणाले. "बसवा गप."

चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि जाळी बसवली. रंग उडालाय की काय, असं काहीतरी असावं. असो. झाकण! एवढ्याशा रबरानं आमची झोप उडवली होती.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

परत तापली. त्याच वळणावर.

आज मी बरोबर गेले होते, म्हणून सगळं नीट बघता आलं. रिकामी जाताना काटा थोडासाच वर जातो. भरून येताना चढावर भराभर चढतो. थांबून इंजिन तसंच चालू ठेवलं की हळूहळू खाली येतो. पंखा बिघडला असता तर उलट झालं असतं, उभ्या गाडीत जास्त तापली असती. म्हणजे पंख्याचा दोष नाही. हे मी स्वतः शोधलं!

धोंडुबाईंना पहिल्यांदा भेटले. शेवटच्या वाडीतलं दूध त्या गोळा करतात. गाडी थांबली की वाडीतल्या पोरी पुढे जाऊन पाटी वाचतात म्हणे. त्यांची नात "भौतिकशास्त्र" वाचताना अडखळली तर त्यांनी तिला पहिल्यापासून वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघून, "हीच व्हय ती? मला वाटलं चष्मा आसंल," असं म्हणाल्या. आण्णा कॅन उचलता उचलता हसत होते. त्या वाडीत ते घरच्यापेक्षा उंच दिसतात.

चढावर पाणी घालून झाल्यावर आण्णा गाडीच्या पुढे बराच वेळ नुसते उभे होते. मग विचारलं, "तेजू, जाळी काढूनच चालवली तर?"

मी त्यांना समजावलं की जाळीशिवाय पुढच्या गाडीचा दगड उडून रेडिएटर फुटेल, मग संपलंच. त्यांनी मान हलवली. दमलेत बिचारे, काहीही सुचतं त्यांना.

रविवार, १२ ऑक्टोबर

सापडलं! निदान मला तसं वाटतंय.

काल विचार केला की हे सुरू कधी झालं? दसऱ्यानंतर. त्याआधी हीच गाडी, हाच चढ, हाच भार आणि कधी तक्रार नाही. मग दसऱ्याला काय झालं? गाडी धुतली. चाचांना फोन केला तर ते गडगडाट करून हसले. "अगं, दसऱ्यानंतर आठ दिवस माझं गॅरेज ह्यावरच चालतंय. समदी पेठ देवाच्या नावानं इंजनात पाणी मारती. कुणाच्या प्लगात पाणी, कुणाच्या वायरीत, कुणाचा एअर फिल्टर भिजून लगदा. ती मोटरसायकलवाली पोरं तर रांगेनं येत्यात, ढकलत."

रेडिएटरला अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामधून हवा जाते. जोराच्या फवाऱ्यानं त्या वाकतात आणि वाट बंद होते. आज चाचांनी जाळी खोलून दिली आणि बघते तर खरंच, एका कोपऱ्यातल्या पट्ट्या आडव्या झालेल्या. दुपारभर आईच्या केसांच्या पिनेनं एकेक पट्टी सरळ केली. बोटं सोलली. चाचांनी दोनदा चहा पाजला आणि दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडून मिटलं. त्यांच्या स्वभावात हे बसत नाही.

संध्याकाळी ड्रम भरून परत ट्रायल. काटा अर्ध्यावर. अगदी घट्ट अर्ध्यावर. परत आल्यावर मी स्वतः जाळीचे नट आवळून दिले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल तापली. आजही तापली. आज थोडं दूध परत आलं.

खरं लिहायचं तर मला माझीच लाज वाटतेय. पाणी तपासलं, झाकण बदललं, पट्ट्या सरळ केल्या. आज चाचांनी थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून दाखवला, तो चांगला उघडला. पंपही फिरतोय. गॅरेजमध्ये गाडी अगदी गुणी असते आणि रस्त्यावर गेली की आजारी. प्रत्येक परीक्षेत पास आणि नोकरीत नापास. ही गाडी आहे की मी?

शालूबाईंनी विचारलं, "काय गं, पुस्तकात न्हाई घावलं अजून?" त्या सहज बोलल्या असतील.

आई म्हणाली, "एकदा आण्णास्नीच ईचार की, त्यास्नी काय वाटतंय ते."

"आण्णांना फिजिक्स येत न्हाई आई."

तिनं ताटं गोळा केली. मग म्हणाली, "दोघं बी एकाच मातीची." आणि उठून गेली.

आण्णांचं जेवण निम्म्यावर आलंय. रोज सकाळी निघण्याआधी ते ओल्या फडक्यानं ती पाटी पुसतात. एवढ्या काळजीतही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

सगळं नीट क्रमानं लिहिते.

आज शेवटची संधी, हे दोघांनाही माहीत होतं. वाडीवाडीत गायी-वासरं धुऊन उभी केली होती, बायका ओवाळत होत्या. धोंडुबाईंनी गाडीलाही ओवाळलं. "ही बी दुधाचीच हाय," म्हणाल्या. कॅन नेहमीपेक्षा जास्त होते.

चढ लागला. मी काट्याकडेच बघत होते. अर्धा, अर्ध्याच्या वर, आणखी वर. आण्णांनी गाडी बाजूला घेतली. स्टेअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसून राहिले. इंजिन चालू होतं.

मी उतरले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी गाडीच्या पुढे गेले. मनात तेच तेच घोळत होतं. पाणी ठीक. पंप ठीक. पंखा ठीक. उष्णता पाण्यानं रेडिएटरपर्यंत आणली, आता ती घेऊन जाणार कोण? हवा. हवा येते कुठून? पुढून.

चाचांची कागदाची परीक्षा आठवली. पर्समधल्या याच वहीचं एक पान फाडलं आणि गाडीच्या तोंडापुढे धरलं. सोडलं. कागद खाली पडला. परत धरला, परत पडला. मला कळेना. गॅरेजमध्ये तर चटकन चिकटला होता. तिसऱ्यांदा कागद सोडला तेव्हा तो माझ्या नावावरून घसरत, प्रथम श्रेणीवरून घसरत रस्त्यावर पडला.

आणि तेव्हा मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या पाटीकडे नीट बघितलं.

गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी जाळी काढलेली असायची! आणि जाळीबरोबर पाटी! मी ज्या ज्या वेळी तपासलं त्या त्या वेळी दोष भिंतीला टेकवलेला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणणारी मी, दसऱ्याला दोन गोष्टी बदलल्या हे विसरले. गाडी धुतली आणि पाटी लावली.

मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, हसत सुटले. आण्णा घाबरून उतरले.

"आण्णा, पाटी! पाटीनं वारं अडवलंय! ही काढायला लागंल."

आण्णा पाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "तुला वाईट न्हाई ना वाटणार?" त्यांनी विचारलं.

मला? मला कशाला वाईट वाटेल? मी म्हणाले, "आण्णा, मला तर ती पहिल्या दिवसापासनं नको होती. तुमच्यासाठी गप बसलोवतो."

ते एकदम खाली बसले, उकिडवे, आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग असे हसले की जाणाऱ्या ट्रकवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "पावणं, बरं हाय न्हवं?"

"लई बरं हाय!" आण्णा ओरडले.

पाटी काढायचा पाना शोधायला टूलबॉक्स उघडायची वेळच आली नाही. नेमका त्याच मापाचा पाना आण्णांच्या शर्टाच्या खिशात होता. नटांना तेलही दिलेलं होतं, बोटांनी सुटले. नशीब असतं एकेकदा असं.

पाटी कॅनच्या मागे उभी करून ठेवली. गार होईपर्यंत थांबून निघालो. काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. वळण गेलं, दुसरं वळण गेलं, चढ संपला. दोघंही काट्याकडे बघत होतो, रस्त्याकडे कुणीच नाही. आण्णा म्हणाले, "तू काटा बघ, मी रस्ता बघतो. न्हाईतर दूध वाचंल आणि आपण दोघं जाऊ."

सेंटरवर पृथ्वीराज दादा दारातच होते. एकेक कॅन उघडला गेला, वास घेतला गेला, दूध तपासलं गेलं. एकही परत आला नाही. ते म्हणाले, "मामा, आठवडाभर असंच आणा, मग मी वर सांगतो रूट हालवू नका म्हणून." आण्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

घरी आईला सांगितलं तर तिनं देवापुढे साखर ठेवली आणि आण्णांना म्हणाली, "सुटला एकदाचा." आण्णा तिच्याकडे बघून गालात हसले. नट सुटला असंच म्हणायचं असेल तिला. चाचांना फोन केला. एवढा मोठा शोध सांगितला, पण त्यांना म्हणावं तेवढं आश्चर्य वाटलं नाही. फक्त "अल्लाचं लई उपकार," एवढं तीन वेळा म्हणाले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आठवडा झाला. दिवाळीचं सगळं दूध वेळेवर. रूट आमच्याकडेच राहिला, आज पृथ्वीराज दादांनी स्वतः सांगितलं. आण्णा दोन भाकरी जेवले आणि वर आमटी पीत बसले. अभ्यासाला उद्यापासून परत बसणार आहे, तरी आज शेवटचं म्हणून बरोबर गेले होते.

गाडीला आता काहीही झालेलं नाही. तरी आज आम्ही उशीर होता होता वाचलो.

वाडीत गाडी थांबली की लोक विचारतात, पाटी कुठं गेली? आणि आण्णा खाली उतरून सांगायला लागतात. माझी कितीतरी दिवसांची बारीकसारीक तपासणी, चाचांचं झाकण, आईची केसांची पिन. त्यांच्या सांगण्यात ती पिन आता सोन्याची झालीय, आणि चढावर थांबलो तेव्हा म्हणे मागे गाड्यांची रांग पार बांबवड्यापर्यंत लागली होती. "मी एवढी वर्सं गाडी चालवतोय, माझ्या डोस्क्यात बी आलं न्हाई ओ," असंही प्रत्येक ठिकाणी सांगतात. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाले, "तू गप बस, तुला सांगाय येत न्हाई."

शेवटच्या वाडीत कॅन केव्हाच भरून झाले होते. धोंडुबाई, त्यांची नात आणि आणखी पाच-सहा बायका गोल करून उभ्या होत्या आणि मध्ये आण्णा, हवेत कागद धरल्यासारखे दोन बोटं वर करून. ऊन चढत होतं. मी स्टेअरिंगवर बसले आणि हॉर्न वाजवला. कुणी वळून बघितलं नाही. परत वाजवला.

"आण्णा, चला की! दूध आंबंल!"

आण्णांनी पाठमोऱ्यानंच हात हलवला. धोंडुबाई मात्र माझ्याकडे वळल्या, चांगल्याच चिडून.

"थांब की गं जरा! आत्ता कुठं कागद खाली पडलाय!"